लहानूनं तेल भरलं नव्हतं

परवा कामठी रोडवरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. बाजूच्या बाकड्यावर दोन नवे ट्रक ड्रायव्हर. एक दुसऱ्याले सांगून राहिला, "आनंदरावच्या ट्रान्सपोर्टात एक ऑइलवाला होता म्हणे, लहानू का काय नाव. बह्याड माणूस. इंजनात इतकं तेल भरलं की इंजनच फुटलं. सोताचा हात गमावून बसला." आन् दोघंही खी-खी हसले. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "बंद करा बे! तुम्ही पाहिलं होतं का त्याले कधी?" पोट्टे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. म्हातारं सनकलं असं वाटलं असन त्यायले. उरलेला चहा तसाच ठेवून उठले आन् गेले.

बारा वर्षं झाली त्या गोष्टीले, आन् लोक अजून असंच सांगून राहिले. त्यायच्यावर चिडून काय फायदा? 'मी पाहिलं' असं सांगणारा पहिला माणूस मीच होतो, रुपराव ड्रायव्हर. लहानूचं नाव बुडालं ते माझ्यामुळं. आज सगळं सांगतो. मधात कोणी टोकू नका, नाहीतर मी थांबून जाईन आन् मंग पुन्हा तोंड उघडणार नाही.

लहानू मेश्राम नागपुरातल्या इंदोऱ्याचा. अंगानं वाळका, डोक्याले कायम एक मफलर, उन्हाळ्यातही. आनंदराव आमचे मालक, कामठी रोडले त्यायचं आवार आन् त्यात आठ ट्रक. इतवारीच्या बाजारातून किराणा, धान्य, आन् हंगामात संत्री भरून आम्ही शिवनी, जबलपूरकडे जायचो. लहानूचं काम एकच होतं. पहाटे सगळ्या ट्रकायचं इंजन ऑइल पाहायचं आन् कमी असन तं भरायचं. त्याच्या शेडच्या भिंतीवर आठही ट्रकायचे नंबर लिहिलेले होते. एक माप तेल ओतलं की त्या ट्रकाच्या नंबराखाली तो कोळशानं एक रेघ मारे. कोणती गाडी किती तेल खाऊन राहिली हे मालकाले भिंतीकडे एकदा पाहिलं की समजे. वर्षातून एकदा, होळीले, भिंतीवर चुना मारल्या जाये आन् पुन्हा पहिल्यापासून रेघा सुरू.

पण लहानू नुसता ओतणारा नव्हता, बाप्पा. इंजनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढे, तेल अंगठ्यानं बोटावर चोळे, नाकाजवळ नेई, आन् मंग रद्दी पेपराच्या तुकड्यावर एक थेंब सोडून तो डाग कसा पसरते ते पाहत बसे. डाग पाहून सांगे, "ह्याच्यात पाणी उतरून राहिलं," नाहीतर, "हे तेल थकलं, आता ह्याच्यात दम नाही." मेकॅनिक इंजन उघडत आन् तसंच निघे. मी वीस वर्षं ट्रक चालवला, त्याचा अंदाज चुकलेला मले आठवत नाही.

वयानं तो माझ्याहून बारा वर्षं मोठा. तरी आम्ही त्याले अरेतुरे करायचो, आन् तो आम्हाले 'रुपरावजी', 'बळीरामजी' म्हणे. छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस. आवाराबाहेरचा चहावाला त्याचा ग्लास वेगळा ठेवे, भिंतीच्या खाचेत. लहानू आपला ग्लास घेई, विसळे, उभ्यानं चहा पिये, पुन्हा विसळून खाचेत ठेवे. आम्ही बाकड्यावर बसलेलो राहायचो. ये गा लहानू, इथं बस, एवढं म्हणायले काय लागते? पण ते कधी माझ्या तोंडून निघालं नाही, आन् बाकीच्यायच्याही नाही.

आता त्या हिवाळ्याचं ऐका. त्र्याहत्तर साल सरता सरता डिझेल आन् ऑइल दोन्ही भडकले, वरून मिळेचना. मालक नुसते कावले होते. एक दिवस सगळ्या ड्रायव्हरायले भिंतीसमोर उभं केलं आन् म्हणाले, "होळीले नवी गाडी येऊन राहिली. आजपासून होळीपर्यंत ज्याच्या नंबराखाली सगळ्यात कमी रेघा, नवी गाडी तो चालवन. मले तेल उडवणारा ड्रायव्हर नको."

मले ती गाडी पाहिजे होती. हौस म्हणून नाही हो. माझा ट्रक म्हणजे खटारा. ड्रायव्हरकडचं दार दोरीनं बांधलेलं, पायाखालचा पत्रा सडलेला, शिवनीच्या घाटात वारा पायापासून छातीपर्यंत चढे. आदल्या साली माझी छाती भरली होती, महिनाभर पडून होतो. डॉक्टरनं बजावलं होतं, आणखी एक हिवाळा असा काढला तं फुप्फुस जाईन. घरात बायको, तीन लेकरं. दार बंद होणारी गाडी, एवढंच मागणं होतं माझं.

आन् माझा खटारा तं तेल पिणारा. जुनं डिझेल इंजन थंडीत जास्तच तेल खाते. पिस्टन थंडीनं आकसलेला राहते, ढिला बसते, बाजूनं तेल वर चढते आन् जळून जाते. पहाटे चालू केलं की निळ्या धुराचा लोट. पहिल्या पंधरा दिवसातच माझ्या नंबराखाली नऊ रेघा झाल्या. बळीरामच्या नंबराखाली चार. बळीराम म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार ड्रायव्हर, मिशीले पीळ देऊन मले म्हणे, "रुपराव, नव्या गाडीत तुले बसवीन गा मी, बाजूच्या सीटवर!" माझा जीव जळे.

लहानूनं मले उपाय सांगितला होता. घमेल्यात गोवऱ्यायचा विस्तव करायचा, इंजनाच्या खाली तेलाचं चेंबर राहते त्याच्या खाली सरकवायचा, वीस मिनिटं थांबायचं. तेल ऊन झालं की चालू करायचं आन् लगेच हळूहळू रस्त्याले लागायचं. तो म्हणे, "उभ्या गाडीत इंजन गरम करू नका, रुपरावजी. चालता चालता गरम होऊ द्या." मी दोन दिवस केलं. गोवऱ्यायच्या धुरानं मले खोकल्याची उबळ ये, डोळ्यातून पाणी. तिसऱ्या दिवशी घमेलं लाथेनं सरकवून दिलं. चार जणायले धक्का माराले लावला, इंजन चालू केलं, आन् तसंच तासभर धडधडत ठेवलं. इंजनाच्या झाकणावर हात ठेवून मी आत शेकत बसलो. कसं बरं वाटलं म्हणून सांगू! मंग रोजचाच तो परिपाठ झाला.

आन् काय नवल! माझ्या ट्रकानं तेल खाणं बंद केलं. आठ दिवस झाले, एक रेघ नाही. पंधरा दिवस झाले, एक रेघ नाही. लहानू रोज पट्टी काढे, रोज तेल वरच्या खुणेपर्यंत. मले वाटलं, देव पावला. बळीरामच्या रेघा वाढत वाढत माझ्या पुढं गेल्या आन् त्याची मिशी खाली उतरली. जानेवारी लागला तेव्हा तं तेल खुणेच्याही वर दिसाले लागलं. मी चहाच्या टपरीवर सगळ्यायले सांगे, "माझी गाडी तेल खात नाही, उलटं देते!" सगळे हसत. लहानू आपला ग्लास घेऊन उभा राहे, तो हसत नव्हता.

एक दिवस त्यानं मले शेडच्या मागं बोलावलं. हातात पेपराचा तुकडा. मधात इवलासा काळा डाग आन् त्याच्याभोवती पिवळट ओल पार कागदाच्या काठापर्यंत पसरलेली.

"रुपरावजी, हे तेल नाही राहिलं," तो म्हणाला. "तुमची गाडी तेल खाऊनच राहिली, पहिल्यासारखंच. पण थंड इंजन तासभर उभं चालते, डिझेल पुरं जळत नाही, आन् तुमचं डिझेल फवारायचं नोझलही टपकते. ते डिझेल खाली चेंबरात उतरून राहिलं. जेवढं तेल जळते त्याच्याहून जास्त डिझेल येऊन बसते. म्हणून पट्टी भरलेली दिसते. पट्टी फसवून राहिली तुम्हाले."

"मंग काय करायचं?"

"सगळं काढून टाकू. नवं भरू. नोझल दुरुस्त करू."

"नवं भरायचं म्हणजे रेघा किती?"

त्यानं बोटावर मोजलं. "चौदा होतीन."

चौदा रेघा! म्हणजे नवी गाडी बळीरामची. मी विचारलं, "आन् नाही काढलं तं?"

"तं एखाद्या दिवशी इंजन चेंबरातलंच पिऊन आपल्या आपण पळत सुटन. मंग बंद करायचा स्टॉपचा नॉब ओढा, काही करा, थांबत नाही. कामठीले मी एक पाहिलं आहे." मंग मास्तरानं पोराले समजवावं तसं तो म्हणाला, "तसं झालंच तं गाडीतून उतरू नका. टॉपचा गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आन् क्लच सोडा. इंजन दबून मरन. पण पहिलेच काढून टाकलं तं ही पाळीच येणार नाही. मी मालकाले सांगतो."

इथं माझं डोकं भडकलं. तसा मी पहिल्यापासून तापट, बायकोले विचारा. मी त्याची कॉलर धरली. "मालकाच्या कानाले लागून माझी गाडी घालवतो का? तुले काय जाते रे? होळीपर्यंत तोंड उघडलं तं पाहून घेईन तुले!" आन् त्याच्यावर आणखी एक शब्द बोललो, त्याच्या जातीवरून. तो शब्द मी आता उच्चारत नाही, तुम्ही समजलेच असान.

लहानूनं कॉलर नीट केली. मफलर गळ्याभोवती घेतला. मंग म्हणाला, "नाही सांगत मालकाले. पण उभ्यानं तासभर चालू ठेवणं तं बंद करा, एवढं ऐका." आन् शेडात निघून गेला. मी तेही ऐकलं नाही. आता मले माहीत झालं होतं ना, की उभं ठेवलं की पट्टी भरते. पहिले आळसानं करत होतो, आता समजून उमजून कराले लागलो. हे लक्षात ठेवा. मले माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

जानेवारी संपत आला होता. त्या दिवशी गजब थंडी. दवानं टपाचा पत्रा ओला, बोटं वळत नव्हती. माझा ट्रक नेहमीसारखा तासभरापासून धडधडत उभा होता आन् मी आत शेकून राहिलो होतो. सातच्या सुमाराले मालक आले. कधी नाही ते इतक्या सकाळी. शाल पांघरून भिंतीसमोर उभे राहिले, माझ्या नंबराखाली पाहिलं आन् खूष होऊन माझ्याकडे आले.

"रुपराव, महिनाभरात एक रेघ नाही! कमाल केली गा तू. जरा रेस कर, धूर पाहू दे कसा आहे."

लहानू शेडातून पळत आला. "मालक, रेस नका करायले लावू! बंद करायले सांगा, आधी बंद!"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

तेव्हा सांगता आलं असतं. मालक, तेलात डिझेल उतरलं आहे, लहानू बरोबर सांगून राहिला. एवढंच. मालक चिडले असते, गाडी बळीरामले गेली असती, बस. पण मी हसलो. "काही नाही मालक, त्याले भेव वाटते इंजनाचं." आन् पाय दाबला.

आवाज चढला. मी पाय उचलला, आवाज उतरलाच नाही. आणखी चढला. मी स्टॉपचा नॉब ओढला, चावी फिरवली, काही नाही. इंजन किंचाळाले लागलं, सगळा ट्रक थरथर कापून राहिला, पांढऱ्या-निळ्या धुरानं आवार भरून गेलं. मालक फाटकाकडे पळाले. बळीराम पळाला. धुरात समोर एकटा लहानू उभा, दोन्ही हात हलवून ओरडून राहिला, "टॉप टाका! ब्रेक दाबा आन् क्लच सोडा! उतरू नका, रुपरावजी, उतरू नका!"

मले ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला. लोकायले मी सांगितलं की आवाजात काही समजलं नाही, ते खोटं आहे. माझा डावा पाय क्लचवरच होता. गिअरच्या दांडीवर हात होता. दोन सेकंदाचं काम. पण मले वाटलं, आता हे फुटन आन् मी मरन. मी दाराची दोरी तोडली, खाली उडी मारली आन् शेडच्या भिंतीमागं जाऊन बसलो, कान दाबून.

तिथून पाहिलं मी. लहानूनं पाण्याच्या टाक्यात पोतं बुडवलं, बाहेरून इंजनाचं बॉनेट उघडलं, हवा आत जायचा पाइप उपसून काढला आन् त्या तोंडात ओलं पोतं कोंबलं. हवा बंद झाली की कोणतंही इंजन मरते, त्याले हे माहीत होतं. इंजनानं पोतं आत ओढून घेतलं. त्यानं दुसरं आणलं, दोन्ही हातानं दाबून धरलं, छातीनं रेटा दिला. आवाज घोगरा झाला, उतराले लागला. थांबत होतं हो, खरंच थांबत होतं. आन् तेवढ्यात आतला रॉड तुटला आन् इंजनाची भिंत फोडून बाहेर आला.

मंग सगळं शांत झालं. धूर विरला तेव्हा लहानू जमिनीवर बसलेला दिसला. अंगभर काळं तेल. उजवा हात कोपरापासून खाली नव्हता. तो ओरडत नव्हता, नुसता पाहत होता. बळीरामनं आपलं धोतर फाडून बांधलं आन् त्याले सरकारी दवाखान्यात नेलं. मी भिंतीमागून उठलो, ते दोघं गेल्यावरच.

तिसऱ्या दिवशी मालकानं मले आन् बळीरामले खोलीत बोलावलं. आवारात तेलाचा चिखल झाला होता, तो त्यायनं सोता पाहिला होता. म्हणाले, "चेंबरात दीडपट माल होता. इतकं तेल आलं कुठून? भिंतीवर तं रेघ नाही." थोडा वेळ विचार करून तेच बोलले, "पहाटे अंधारात लहानूच्या हातून जास्त ओतल्या गेलं असन. मंग भेवानं रेघ मारली नाही. म्हणूनच तं 'रेस करू नका' म्हणत पळत आला. त्याले माहीत होतं. असंच ना, रुपराव?"

मी काही रचलं नव्हतं, मालकानंच रचून माझ्या हातात दिलं. मी मान हलवली. पण बळीराम गप बसणारा नव्हता. तो म्हणाला, "लहानू? लहानू असं करन? तू पाहिलं होतं का गा, रुपराव?" आन् तेव्हा मी बोललो. "हो. ओतताना पाहिलं मी." बळीराम उठून खोलीबाहेर निघून गेला.

होळी आली. रेघा मोजल्या. माझा ट्रक त्या दिवसापासून बंदच उभा, म्हणून माझ्या नऊच, सगळ्यात कमी. नवी गाडी मले मिळाली. दार असं बंद होये की वाऱ्याची झुळूकही आत येत नव्हती. त्या हिवाळ्यापासून माझी छाती कधी भरली नाही. फुप्फुस वाचलं.

होळीनंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी मी आवारातून निघून राहिलो होतो, तं फाटकाशी लहानूची बायको उभी. बायजाबाई. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. मी गाडी थांबवली.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यायले दवाखान्यातून घरी आणलं. मी मालकाले भेटून आली. मालक म्हणते, एका हातानं चौकीदारी होते, ठेवतो मी, पण जास्त तेल ओतून लपवणारा माणूस मले नको. म्हणे, रुपराव येऊन सांगत असन की त्यानं भरलं नव्हतं, तं उद्यापासून येऊ दे. तुम्ही एक शब्द सांगा ना, भाऊ. आम्हाले दुसरं काही नको."

 मी विचारलं, "लहानू काय म्हणते?"

"त्यायले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. ताप डोक्यात चढला होता, चार दिवस शुद्ध नव्हती. महिना-दीड महिना मागचं सगळं पुसल्या गेलं. म्हणते, रुपरावजी होते तिथं, त्यायले माहीत असन."

ऐकलं तुम्ही? त्याले आठवत नव्हतं. पेपरावरचा तो डाग, शेडमागचं बोलणं, मी धरलेली कॉलर, मी उच्चारलेला शब्द, सगळं गेलं होतं. जगात आता हे माहीत असणारा मी एकटा माणूस होतो. मी बायजाबाईले म्हणालो, "मी घरी येतो. ह्या खेपेवरून आलो की येतो." तिनं हात जोडले आन् म्हणाली, "तुमचं भलं होवो, भाऊ."

लहानूचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. त्याले चौकीदारी मिळाली नाही. कामठी रोडवरचे सगळे गॅरेजवाले, ट्रान्सपोर्टवाले तो हिंडला. जिथं गेला तिथं एकच, "तूच ना तो, इंजन फोडणारा?" दोन वर्षं एका लाकडं विकायच्या टालावर बसला, वजनाचे दगड एका हातानं उचले. मंग तेही होईना. बायजाबाई कामठीले पॉवरलूमच्या कारखान्यात कांड्या भराले जाये, पहाटेच्या बसनं जाये आन् दिवेलागणीले परत ये. तिच्यावर घर चाललं. एक्क्याऐंशीच्या थंडीत लहानू गेला, छाती भरून. मी मातीले गेलो होतो, मागं उभा होतो. तिथंही कोणीतरी कोणाले हळूच सांगून राहिलं होतं, हाच तो, जास्त तेल भरणारा.

आता राहिली एक गोष्ट. मी त्याच्या घरी गेलो होतो.

जबलपूरची खेप करून आलो आन् इतवारीत माल उतरवून गाडी सरळ इंदोऱ्याले नेली. खरं सांगतो, सांगायच्याच इराद्यानं गेलो होतो. शिवनीपासून नागपूरपर्यंत वाटेनं एकच वाक्य घोकत होतो. लहानू, तू भरलं नव्हतं, चूक माझी, मी उद्या मालकाले सांगतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली. लेकरायनं तिच्याभोवती घोळका केला, नवी गाडी ना!

घर एका खोलीचं, सारवलेलं, स्वच्छ. बायजाबाईनं शेजारून माझ्यासाठी खुर्ची मागून आणली. लहानू बाजेवर बसला होता. गालफडं आत गेली होती. शर्टाची उजवी बाही पिन लावून वर दुमडलेली. मले पाहून तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, बस, बस. तरी मी खुर्चीवर बसेपर्यंत तो बसला नाही.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"रुपरावजी, एक विचारतो, खरं सांगजा. मनाले लावून घेऊ नका. रोज आठवायले पाहतो, काही म्हणता काही आठवत नाही. त्या दिवशी माझ्या हातून जास्त पडलं होतं का तेल?"

बायजाबाई दारात उभी होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर. मी जे पाठ करून आलो होतो ते जिभेवर होतं. नाही, लहानू, एवढं म्हटलं की झालं. पण 'नाही' म्हटलं की तो विचारणार, मंग आलं कुठून इतकं? मंग मले सगळंच सांगावं लागणार. उद्या मालकासमोर, बळीरामसमोर. बाहेर लेकरं गाडीचा हॉर्न वाजवून राहिली होती, माझ्या गाडीचा.

मी म्हणालो, "हो. मी पाहिलं."

बायजाबाई दारातून हलली आन् आत चुलीकडे जाऊन पाठ करून बसली. लहानूनं पिन लावलेल्या बाहीवरून डावा हात फिरवला. 

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "हिले म्हणत होतो मी, रुपरावजी खोटं नाही सांगणार. वीस वर्षं तेल भरलं, आन् कसं झालं असन, बाप्पा? अंधारात चुकलं असन. तुमचा जीव गेला असता, रुपरावजी, माझ्यापायी. तुमची लेकरं उघडी पडली असती. मी त्याच विचारानं झोपत नाही. माफ करा मले."

आन् हात जोडायले त्यानं दोन्ही खांदे पुढं आणले. हात एकच आला.

मी खुर्चीवर बसलेलो होतो. मी त्याले म्हणालो, "जाऊ दे लहानू. होते एखाद्या वेळेस माणसाच्या हातून."